बटाटा फक्त मिठापुरता

रक्ताचा रिपोर्ट आला. एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी, ६.३. डॉक्टरीणबाईंनी समजावलं की अजून डायबिटीस नाही, पण तो दारात येऊन चपला काढतो आहे. अगदी ह्या शब्दांत नाही, पण चेहऱ्यावर हेच होतं. त्याच संध्याकाळी बायकोने तांदळाचा डबा खाली बेसमेंटमध्ये नेऊन बर्फ उपसायच्या फावड्याशेजारी ठेवला. मी वसईचा. माझ्या घरात माणूस आजारी पडला तर पेज आणि बरा झाला तर भात, यापलीकडे आहारशास्त्र नव्हतं.

हे २०२३ च्या फेब्रुवारीतलं. मार्चात आमच्याकडे, म्हणजे बॉस्टनजवळच्या आमच्या गावात, संत पॅट्रिकचा सण येतो. शेजारी एक आयरिश वंशाचे आजोबा राहतात, अग्निशमन दलातून निवृत्त झालेले. दरवर्षी १७ मार्चला ते आम्हाला जेवायला बोलावतात: कॉर्न्ड बीफ, कोबी, गाजरं आणि बटाट्यांचा डोंगर. त्या वर्षी त्यांचा गुडघा नुकताच बदललेला. बायको म्हणाली, "ह्या वेळी आपण बोलावू." मग माझ्याकडे बघून, "आणि बटाटा नाही."

आता हे आयर्लंडचं माणूस. १८४५ साली तिथल्या बटाट्यावर रोग पडला आणि दुष्काळातून वाचलेले लाखो लोक बोटीत बसून ह्या किनाऱ्यावर उतरले. त्यांच्या पणतवाला घरी जेवायला बोलवायचं आणि बटाटा वाढायचा नाही, हे मला जरा जास्तच वाटलं. पण ६.३ असलेल्या माणसाला मत नसतं.

रेसिपी मी ऑफिसात, मीटिंग चालू असताना शोधली. "झटपट लो-कार्ब कॉर्न्ड बीफ आणि कोबी, फक्त २० मिनिटांत." फोटोत कढईभर हिरवागार कोबी, त्यात गुलाबी मांसाच्या पट्ट्या. बटाट्याच्या जागी काय? मुळा! लोण्यात परतलेला मुळा म्हणे हुबेहूब बटाट्यासारखा लागतो. हे लिहिणाऱ्याने आयुष्यात एक तर मुळा खाल्ला नसावा किंवा बटाटा.

शुक्रवारी सकाळी आईचा फोन. तिला बेत सांगितला.

"कॉर्न म्हणजे मका ना? साखर असताना मका खातोस?"

"आई, मक्याचा संबंध नाही. जुन्या इंग्रजीत कॉर्न म्हणजे दाणा. मिठाचे जाडे खडे लावून मुरवलेलं मांस, म्हणून कॉर्न्ड."

"मग खारवलेलं म्हण ना सरळ. गोव्याच्या मावशीकडची जीभ आठवते?"

आठवते म्हणजे काय! मावशी गोव्यात दिलेली. तिच्याकडे लग्नकार्याआधी आठवडाभर मोरीच्या कोपऱ्यात भांड्यात अख्खी जीभ, मीठ, सोरा आणि लिंबाच्या रसात बुडवून, वर धोंडा ठेवून दाबलेली असायची. आम्ही पोरं त्या भांड्याजवळून पळत जायचो. म्हणजे अमेरिकेतल्या आयरिश लोकांचं हे पक्वान्न माझ्या मावशीच्या मोरीत आधीच होऊन गेलं होतं.

"पण आज शुक्रवार," आई म्हणाली. "उपवासकाळातला."

त्या वर्षी १७ मार्च नेमका शुक्रवारी आला होता. ईस्टरआधीच्या उपवासकाळात शुक्रवारी मांस वर्ज्य, आणि संत पॅट्रिकला मांस हवंच, अशा पेचातून अमेरिकेतल्या बऱ्याच बिशपांनी त्या दिवसापुरती सूट दिली होती.

"बिशपांनी सूट दिलीय."

"तुमच्या बिशपांनी. आपल्या वसईच्या दिली का?"

ह्याला उत्तर नव्हतं. मी ऑफिसला निघालो.

सव्वापाचला घरी आलो तर बायको अजून आली नव्हती आणि पाहुणे सातला येणार होते. वीस मिनिटांचं काम. मी निवांत चहा केला, बिनसाखरेचा, म्हणजे ज्याला चहा म्हणायचं ते. मग मोबाइल टेकवून ठेवला आणि पहिल्यांदाच साहित्य नीट वाचलं. पहिली ओळ: "शिजवलेलं कॉर्न्ड बीफ, तीन कप."

शिजवलेलं!

अशा हिशेबाने पुरणपोळीही दहा मिनिटांत होते. साहित्य: तयार पुरण, भिजवून मळलेली कणीक, सासूबाई. माझ्यासमोर ओट्यावर होता साडेतीन पाउंडांचा, म्हणजे दीड किलोहून जास्त, कच्चा ब्रिस्केटचा तुकडा. जनावराच्या छातीचा हा भाग इतका चिवट असतो की मंद आचेवर त्याला तीन-चार तास लागतात. सणाच्या आठवड्यात दुकानं तो स्वस्तात विकतात, म्हणून मी सगळ्यात मोठा उचलला होता.

पाकिटात एक इवलीशी मसाल्याची पुडी होती. फोडून बघतो तर मोहरी, धणे, मिरी, तमालपत्राचे तुकडे. आईच्या मसाल्याच्या डब्यातली माणसं परदेशात अचानक भेटावीत तसं झालं. त्या भरात आमचा सुटकेसमधून आलेला कुकर काढला, मांसाचे दोन तुकडे करून आत बसवले, पुडी उपडी केली. पाकिटात मांसाभोवती गुलाबीसर पाणी होतं. टाकून कशाला द्यायचं, रस्सा आहे, म्हणून तेही ओतलं. वर थोडं साधं पाणी. आणि मग, हाताला तीस वर्षांची सवय, चमचाभर मीठ.

जाणकार वाचक इथे ओरडले असतील. ते पाणी रस्सा नव्हता. ते खारवणाचं पाणी होतं, आणि ते फेकून, मांस नळाखाली खळखळून धुऊन मगच शिजवायचं असतं. मी समुद्रात मीठ घातलं होतं.

दुसरा प्रश्न शिट्ट्यांचा. इंटरनेटवर प्रेशर कुकरची वेळ होती ८५ मिनिटं, तीही विजेवरच्या कुकरची. आमच्या घराण्यात कुकर मिनिटांत मोजत नाहीत. तूर तीन शिट्ट्या, चणे सहा, मटण आठ. ८५ मिनिटांच्या शिट्ट्या किती? गॅस मध्यम ठेवला आणि मोजत बसलो.

सतराव्या शिट्टीला आजोबा काठी टेकत आत आले. अठराव्या शिट्टीला त्यांनी दार बंद न करता अर्धवट उघडं ठेवलं. ज्या माणसाने चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरांतल्या आगी विझवल्या, तो एकोणिसाव्या शिट्टीला खुर्ची भिंतीपासून ओढून दाराशी घेऊन बसला. "हे नॉर्मल आहे," मी म्हणालो. "असंच सगळे म्हणतात," ते म्हणाले.

पंचविसाव्या शिट्टीला गॅस बंद केला. झाकण उघडलं तर मांस गुलाबी. शिजलेलं मांस तपकिरी होतं एवढं मला कळतं, म्हणून पुन्हा झाकण लावून आणखी सहा शिट्ट्या घेतल्या. नंतर कळलं की खारवताना त्यात नायट्राइट घातलेलं असतं आणि त्यामुळे हे मांस कितीही शिजवलं तरी गुलाबीच राहतं. जगाच्या अंतापर्यंत शिट्ट्या दिल्या असत्या तरी ते लाजल्यासारखंच दिसलं असतं.

तोवर आजोबांना खुर्चीत थोडा धीर आला होता. ते म्हणाले, आयर्लंडमध्ये हे कोणी खात नाही. त्यांच्या आजोळी, कॉर्कला, कोबीबरोबर डुकराचं खारवलेलं मांस. कॉर्क बंदरातून खारवलेलं बीफ बोटी भरभरून परदेशी जायचं, पण ते पिकवणाऱ्यांना परवडायचं नाही. पुढे न्यूयॉर्कला आलेल्या आयरिश मंडळींना ते मिळालं शेजारच्या ज्यू खाटकांकडे, जिथे डुक्कर चालत नाही आणि ब्रिस्केट चालतं. म्हणजे आयरिश लोकांचा सण, ज्यूंचं मांस, आणि शिजवणारा मी, ज्याच्या पूर्वजांना पोर्तुगीजांनी बाप्तिस्मा दिला. पोर्तुगीज वसईत १५३४ ला आले आणि १७३९ ला चिमाजी अप्पांनी त्यांना घालवलं. पण त्यांचे 'कोबी' आणि 'बटाटा' हे दोन शब्द मराठीतून कोणाला घालवता आले नाहीत. बटाटा घालवायचं काम माझ्या बायकोने अंगावर घेतलं होतं.

ती आली, पर्स टाकली, चमचाभर पाणी कुकरातून घेऊन चाखलं आणि सिंककडे धावली.

"काय घातलंयस ह्यात?"

"मीठ."

"आणि?"

"ते आधीच होतं."

खारट झालं की काय करायचं हे मराठी घरात पोरालाही ठाऊक असतं: कणकेचा गोळा टाक, नाहीतर बटाटा टाक. आम्ही दोघंही त्याच क्षणी तिथे पोचलो आणि त्याच क्षणी थांबलो. कणीक कार्ब. बटाटा कार्ब. शंभर ग्रॅम बटाट्यात कार्ब सतरा ग्रॅम, तेवढ्याच कोबीत सहाच्या आत, असा तक्ता तिने फ्रिजवर चिकटवलेला, आणि आम्ही त्याच्यासमोर उभे.

"बाहेर काढून टाकायचा नंतर," मी म्हणालो. "मिठापुरता."

"फक्त मिठापुरता," ती म्हणाली आणि बेसमेंटमध्ये गेली. तिथे बटाटे आहेत हे मला त्या दिवशी कळलं. कुठे, ते अजून कळलेलं नाही.

पाच बटाटे सोलून आत गेले. खरं तर बटाटा मीठ ओढत नाही. तो खारं पाणी पितो, मिठासकट, त्यामुळे उरलेलं पाणी होतं तितकंच खारट राहतं. आमच्या आज्यांनी हे शास्त्र कधी तपासलं नाही. भाजी जरा कमी खारट लागायची ती बहुधा बटाट्याच्या तुकड्यांमुळे. मी शेवटी ते पाणी ओतूनच दिलं, मांस धुतलं आणि कापायला घेतलं. घाईत धाग्यांना आडवं कापायच्या ऐवजी उभं कापलं, त्यामुळे पट्ट्या नाहीत तर वसईच्या अंगणात नारळाच्या सोडणातून निघतो तसा काथ्या झाला. कोबी मात्र लोण्यात चार मिनिटं परतला आणि छान झाला. कोबीला जास्त शिजवलं की घरभर गंधकाचा वास सुटतो, एवढं शहाणपण मला हॉस्टेलच्या मेसने दिलेलं आहे.

ताटं वाढली. आजोबांनी काट्याने मुळ्याचा तुकडा उचलला, दिव्याकडे धरला, खाल्ला, आणि पाण्याचा ग्लास संपवला. मग त्यांची नजर ओट्यावरच्या वाडग्याकडे गेली, जिथे ते पाच बटाटे, आपलं काम संपलेले, वाफाळत पडले होते.

"ते काय आहे?"

"ते खायचे नाहीत, ते..." मला मिठापुरता ह्या शब्दाचं इंग्रजी सुचेना.

त्यांनी वाडगा जवळ ओढला. मोहरी, धणे, मिरी, बीफचा अर्क आणि मीठ प्यायलेला बटाटा. वर लोणी. चार गेले. माणूस दारापासून खुर्ची ओढून टेबलाशी आला. मग रंगात येऊन त्यांनी जॉन यंग ह्या अंतराळवीराची गोष्ट सांगितली. १९६५ साली जेमिनी ३ यानात त्याने खिशातून चोरून कॉर्न्ड बीफ सँडविच नेलं आणि सोबतच्या अंतराळवीराने घास घेताच पावाचे कण यानभर तरंगायला लागले. पुढे त्यावरून अमेरिकन संसदेच्या समितीतही बोलणं झालं. बायको म्हणाली, "बघ, पाव नसता तर काहीच झालं नसतं." लो-कार्बच्या बाजूने इतका भक्कम पुरावा मी तरी ऐकलेला नाही.

तेवढ्यात फोन वाजला. आमच्याकडे साडेसात, वसईत पहाटेचे पाच. आई चर्चला, सकाळच्या मिस्साला निघाली होती.

"खाल्लंस मांस? शुक्रवारी?"

"आई, तुझ्याकडे कुठला वार?"

"शनिवार लागला की."

"मी वसईच्या वेळेने जेवतोय."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग ती म्हणाली, "आणि साखर? ती पण वसईच्या वेळेने का?" आणि फोन ठेवला.

आजोबा गेल्यावर भांडी घासायला घेतली. वाडग्यात शेवटचा बटाटा उरला होता. मी हात पुसून वाडग्याकडे सरकतो आहे तोच बायकोने स्वयंपाकघरातला वजनकाटा पुढे ओढला आणि बटाटा त्यावर ठेवला.

"एकशे चाळीस," ती म्हणाली. सुरीने मधोमध कापला, दोन्ही अर्ध्या पुन्हा तोलून बघितल्या, आणि मोठी अर्धी उभ्या उभ्या स्वतःच्या तोंडात टाकली.