‘नामदेव एकच होते’ म्हणणाऱ्या काकांना

नमस्कार काका. सही तुम्ही फक्त ‘एक वारकरी’ अशी केली आहे, पण सत्तरी ओलांडल्याचं लिहिलंत, म्हणून काका म्हणतो. ‘एक नाव, अनेक माणसं’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया चार दिवस उघडून ठेवली होती. उत्तराला उशीर झाला, कारण तुमच्या पहिल्याच मुद्द्यानं माझी जिरवली आणि जिरलेल्या माणसाला लगेच बोलवत नाही.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: काकांचं म्हणणं असं, की अक्कलकोटच्या परिच्छेदात मी शाहू महाराजांचा घोळ घातला, नामदेवांच्या गाथेतले काही अभंग ‘दुसऱ्या कुणाचे’ म्हणणं हा पंढरपूरच्या नामदेव पायरीचा अपमान आहे, आणि नावं सारखी असणं हा निव्वळ योगायोग, त्यावर लेख लिहिणं म्हणजे रिकामटेकड्याचे उद्योग.

पहिला मुद्दा शंभर टक्के मान्य. 1707 मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटून येताना पारद गावच्या चकमकीनंतर ज्यांनी राणोजी लोखंडे या पोराला पदरात घेतलं, त्याला फत्तेसिंह भोसले हे नाव दिलं आणि ज्याच्याकडे पुढं अक्कलकोट आलं, ते शाहू साताऱ्याचे. संभाजी महाराजांचे पुत्र. त्यांच्या नावामागे मी ‘राजर्षी’ लावून मोकळा झालो. राजर्षी शाहू कोल्हापूरचे, जन्म 1874 चा. साताऱ्याच्या शाहूंना जाऊन तेव्हा सव्वाशे वर्षं झाली होती. नामसाधर्म्याच्या घोटाळ्यांवरच्या लेखात स्वतःच असा घोटाळा करायचा म्हणजे कहरच. ओळ दुरुस्त केली आहे आणि खाली तुमचे आभार मानले आहेत. बचाव म्हणून नाही, पण बोटांना सवय कशी लागते बघा: ‘शाहू’ टाइप केलं की ‘राजर्षी’ आपोआप उमटतं. मोठं नाव धाकट्यालाच नाही, थोरल्यालासुद्धा गिळतं.

आता नामदेवांचं. इथं मी मागे हटणार नाही, पण तुम्हाला वाटतं तसं मी काही म्हटलेलं नाही, हेही सांगायला हवं.

संत नामदेव 1270 ते 1350 चे. सोळाव्या शतकात, म्हणजे एकनाथांच्या काळात, विष्णुदास नामा नावाचे एक कवी झाले. त्यांनी मराठीत ओवीबद्ध महाभारत रचलं. काम केवढं मोठं याचा अंदाज तुम्हाला मी काय सांगावा. पंचाईत अशी, की संत नामदेवांच्या अभंगांतही ‘नामा म्हणे’बरोबर कुठं कुठं ‘विष्णुदास नामा’ अशीच मुद्रिका, म्हणजे शेवटच्या चरणातली कवीच्या नावाची खूण, येते. विठ्ठलाचा दास तो विष्णुदास, त्यात नवल काय! शिवाय नामा पाठक नावाचेही एक कवी होऊन गेले. छापखाना नव्हता. कीर्तनकार ऐकून म्हणायचे, शिष्य बाडात, म्हणजे हस्तलिखित वहीत, उतरवून घ्यायचे, आणि शेवटच्या चरणात ‘नामा’ दिसला की तो अभंग थोरल्या नामदेवांच्या खात्यावर जमा व्हायचा. कुणी लबाडी केली नाही. उतरवणाऱ्याला एकच नामा माहीत होता, एवढंच.

मग वेगळे कसे करायचे? भाषेवरून. दोनअडीचशे वर्षांत क्रियापदांची रूपं बदलतात, फारसी शब्द शिरतात, अभंगात नंतरच्या काळातल्या संताचं नाव आलं तर प्रश्नच मिटला. शिखांच्या आदिग्रंथात 1604 मध्ये नामदेवांची जी पदं समाविष्ट झाली, त्यांचा प्रवास मराठी बाडांपेक्षा वेगळ्याच वाटेनं झाला, म्हणून ती ताडून बघण्याजोगी. यातून पायरीचा एक चिराही हलत नाही, काका. उलट, ज्यानं अठरा पर्वांना हात घातला त्या माणसाला आपण चारशे वर्षं दुसऱ्याच्या नावाखाली झाकून ठेवलंय, हे मला जास्त बोचतं.

तुमची भीती मात्र मला कळते. एकदा कात्री हातात आली की ती थांबत नाही. 1898 च्या सुमारास ‘सुधारक’ पत्रात ‘भारद्वाज’ या टोपणनावानं लेख आले, की ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानदेव वेगळे आणि अभंग लिहिणारे वेगळे. केवढी खळबळ उडाली! पुढं बहुतेक अभ्यासकांनी ते मत नाकारलं. म्हणजे दोन माणसं एक होतात तसं एका माणसाचे दोन करण्याचा मोहही होतो. म्हणूनच पुराव्याशिवाय मी कुणालाच वेगळं काढत नाही. विष्णुदास नामांच्या बाबतीत अख्खं महाभारत हाताशी आहे, निव्वळ तर्क नाही.

इथं मला आपल्या सोलापूरचं एक राहूनच गेलेलं सांगायचं आहे. आपले ग्रामदैवत सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले. त्यांच्या कन्नड वचनांच्या शेवटी ‘सिद्धराम म्हणे’ असं येत नाही, ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ असं येतं. स्वतःचं नाही, देवाचं नाव. बसवण्णांचं ‘कूडलसंगमदेव’, अल्लमप्रभूंचं ‘गुहेश्वर’. कन्नडातल्या शरणांनी, म्हणजे या शिवभक्त संतकवींनी, ही वाट धरली आणि नामसाधर्म्याचा निम्मा घोळ तिथंच मिटला. (निम्माच, कारण अक्कमहादेवींची मुद्रा ‘चन्नमल्लिकार्जुन’. मल्लिकार्जुन तिथंही दोन झालेच.) आपल्याकडे मात्र मुद्रिकेत कवीचं नाव, आणि नाव म्हणजे घराघरातलं.

सोलापुरात तर विचारूच नका. सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या जत्रेत ‘सिद्राम’ अशी हाक मारून बघा, दहा माना वळतील. निसर्गदत्त महाराजांचे गुरू सिद्धरामेश्वर महाराज हे आपल्याच जिल्ह्यातल्या पाथरीचे, जन्म 1888 चा. परवा एका ग्रुपवर ग्रामदैवताची माहिती म्हणून त्यांचा फोटो फिरत होता. मधे सातशे वर्षं! अक्कलकोटच्या स्वामी समर्थांना रामदासांचे श्लोक चिकटवणारे तर रोज भेटतात. रामदासांची समाधी 1681 ची, स्वामींची 1878 ची. ‘समर्थ’ म्हटलं की झालं.

तिसरा मुद्दा, योगायोगाचा. योगायोग कसला? आजोबाचं नाव नातवाला ठेवायचं, हे ठरवूनच करतो आपण. माझे वडील इथल्या एका कापड गिरणीत साच्यावर होते. मस्टरवर त्यांच्याच नावाचा, त्यांच्याच वडिलांच्या नावाचा आणि आडनावाचा दुसरा माणूस होता. एकदा वडिलांचा खाडा नसताना पगार कापून आला आणि त्या दुसऱ्याला जादा गेला. तो भला, त्यानं घरी आणून दिला. त्यानंतर मस्टरच्या कारकुनानं वडिलांच्या नावापुढं कंसात ‘उंच’ असं लिहिलं, ते निवृत्तीपर्यंत तसंच राहिलं. आई अजून हसते त्यावर. वडील काही फार उंच नव्हते, दुसरा बुटका होता.

त्या कारकुनानं केलं तेच मराठीनं पेशव्यांचं केलं. थोरले बाजीराव, थोरले माधवराव, सवाई माधवराव. आणि ‘दुसरा बाजीराव’ म्हणताना आकडा सांगायचा नसतोच, टोमणा मारायचा असतो. त्या टोमण्यामागची एक जागा आपल्याच जिल्ह्यात आहे: मोहोळ तालुक्यातली आष्टी. 20 फेब्रुवारी 1818 ला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले तिथं इंग्रजांशी लढता लढता पडले आणि बाजीराव निसटून गेले. आता हीच ‘आष्टी’ नेटवर शोधा. बीडची तालुक्याची आष्टी येईल, वर्ध्याची 1942 च्या लढ्यातली येईल, मोहोळची शोधायला खाली खाली जावं लागेल. गावांचंही तेच. ‘नावात काय आहे’ म्हणणाऱ्यानं बापू गोखल्यांची आष्टी शोधायला बीडच्या एसटीत बसून बघावं.

तर काका, भांडण राहू द्या. प्रतिक्रियेच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात, की घरी पणजोबांच्या हातचं अभंगांचं बाड आहे आणि त्यात ‘विष्णुदास नामा’ अशा मुद्रिकेचे बरेच अभंग आहेत. मी तीन वेळा वाचली ती ओळ. जमलं तर त्या पानांचे फोटो पाठवाल का? नातवाला सांगा, उजेडात काढायला, फ्लॅश नको. आणि शेवटचं पान विसरू नका, जिथं उतरवून घेणाऱ्याचं नाव आणि शक लिहिलेला असतो. बाड घेऊन इकडे यायची तसदी घेऊ नका, मीच पंढरपूरला येतो. एकादशी सोडून कुठलाही दिवस सांगा.