गाविलगडाची गोष्ट आपण कधी सांगणार?

परवा पानठेल्यावर एका मित्रानं विचारलं, "काहून बे, तू ते ड्रॅगनचेच पुस्तकं वाचत राह्यतं, आपल्या ऐतिहासिक सिरियली पाह्यत नाही काय?" पाह्यतो ना भाऊ, सगळ्या पाह्यतो. रात्रीची लाईन असली का मोटर चालू करून धुऱ्यावर बसायचं आणि मोबाईलवर एपिसोड लावायचा, कित्येक वर्षांपासून हेच सुरू आहे. तेव्हा त्याला जे धड सांगता आलं नाही ते इथं लिहितो, पोस्ट लांब होईल, पण वाचा.

फॅन्टसीत मला सगळ्यात जास्त काय आवडत असेल तर रस्ते. गेम ऑफ थ्रोन्सच्या पहिल्या सीझनमध्ये राजा राजधानीतून उत्तरेत येतो तर त्याला महिना लागतो, सगळा लवाजमा थकून येतो. पुढं रॉब स्टार्कला फौज घेऊन नदी ओलांडायची असते, पूल एका म्हाताऱ्या सरदाराचा, तो म्हणतो माझ्या घरची पोरगी कर मग जा, रॉब हो म्हणतो, नंतर शब्द मोडतो आणि त्याच घरातल्या लग्नात कापला जातो. एक पूल! सगळं युद्ध त्या पुलापाशी अडकलं. पावसाळ्यात नाल्याला पूर आला का गाव कसं तुटते हे ज्यानं पाह्यलं त्याला हे समजावून सांगा लागत नाही.

आणि ही सिरियल बिघडली तीही तिथंच. ही सिरियल ज्या पुस्तकांवरून केली त्यांचा पाचवा भाग 2011 ला आला, सहाव्याची आम्ही अजून वाट पाहून राहिलो, सिरियल पुस्तकाच्या पुढं निघून गेली आणि सातव्या सीझनमध्ये एकाच एपिसोडमध्ये माणूस पळत जातो, कावळा उडतो, ड्रॅगन येऊनही जातो. अंतरच संपलं. अंतर संपलं का भीती संपते.

आपल्या सिरियलींचं दुखणं हेच आहे. माझी माय महाराजांचा एपिसोड लागला का हातातलं काम ठेवून बसते, डोळ्याला पदर लावते, त्या भक्तीला मी कधीच नावं ठेवणार नाही. पण तीन-तीन एपिसोड दरबारातच चालतात, डोळ्यांचा क्लोज-अप, ढोल, पुन्हा क्लोज-अप. घोड्यानं खाल्लं काय, दाणा आला कुठून, पगार कोणी दिला, कधीच दिसत नाही. रोज दहा कोस घोडदौड करणाऱ्या माणसांच्या जोड्यावर धूळ नसते, याचा मला खरंच राग येतो.

आता आपल्या घरचं सांगतो. शाळेच्या पुस्तकातला सुर्जी-अंजनगावचा तह आठवते ना, तेच हे आमचं पानमळ्यांचं अंजनगाव. 29 नोव्हेंबर 1803 ला इंग्रजांची भोसले-शिंद्यांशी अडगावची लढाई झाली, तिथून इंग्रजांचा जनरल वेलस्ली भोसल्यांच्या गाविलगडावर, म्हणजे चिखलदऱ्याजवळच्या किल्ल्यावर, चालून आला. तो स्वतः दक्षिणेकडून पायथ्याशी बसला आणि कर्नल स्टिव्हन्सनला अचलपुराहून डोंगरातून उत्तरेच्या बाजूला पाठवलं. रस्ता नव्हताच. फौजेनं आधी रस्ता केला आणि मग जड तोफा जवळपास सगळी वाट हातानं ओढत नेल्या, 7 डिसेंबरला निघाले ते 12 ला पोचले. 15 ला गड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता गेला. आतल्या तटाला खिंडार पडलंच नव्हतं, कॅप्टन कॅम्पबेल शिड्या लावून चढला आणि आतून दरवाजा उघडला. दोन दिवसांनी भोसल्यांचा देवगावचा तह, 30 डिसेंबरला शिंद्यांचा आमच्या गावचा.

यावर कादंबरी आहे, शार्प्स फोर्ट्रेस, 1999 ची, लिहिणारा बर्नार्ड कॉर्नवेल, इंग्रज. त्यात शेवटचा तट त्याचा हिरो शार्प चढतो. आणि टीव्हीवर शार्प झालेला नट शॉन बीन, म्हणजे गेम ऑफ थ्रोन्समधला रॉबचा बाप, आपला नेड स्टार्कच! हे कळलं त्या रात्री मला झोप आली नाही. आपल्या चिखलदऱ्याचा गड, अन् त्याची गोष्ट लंडनच्या दुकानातून विकत आणायची?

गेल्या हिवाळ्यात बाबांना गडावर घेऊन गेलो. शार्दूल दरवाजाखाली हात लावून उभे राह्यले, मग तटावर आले, खाली दरीकडं पाह्यलं. जन्मभर कापसाची बंडी हाकलेला माणूस. म्हणाले, "थ्या तोफा इथवर आनल्या म्हन्तं, मंग फौजेले दाना कोन आनला? बैलं कोनाचे होते?"

मी सांगितलं, बंजाऱ्यांचे तांडे होते बाबा, हजारो बैलांवर धान्य लादून फौजेमागं चालायचे, इंग्रजांची फौज त्यांच्याच दाण्यावर जगायची. बाबा बराच वेळ काही बोलले नाही. मग म्हणाले, "अन् ज्याच्या वावरातून थे बैलं गेले त्याचं काय झालं?"

मला ही सिरियल पाह्यची आहे. पहिला एपिसोड त्या वावरातून सुरू व्हावा, किल्लेदार आणि वेलस्ली मागून येऊ द्या. अचलपूर ते चिखलदरा पट्ट्यातल्या कोणाच्या घरी आजा-पणजाकडून त्या लढाईचं काही ऐकलेलं असेल, एखादी ओवी, एखाद्या शेताचं नाव, काहीही, तर मला मेसेज करा. मी गाडी काढून ऐकायला येतो.