शकुंतलेला थोपटून निजवायची रीत

तुमच्या तालुक्यातून एखादी जुनी, अरुंद, दिवसातून एकदा जाऊन येणारी रेल्वे जाते का? मग हा लेख जपून ठेवा. अशी गाडी मारायची नसते. मारली की बोभाटा होतो, कुणीतरी कोर्टात जातं, एखादा पुढारी रुळावर आडवा पडतो आणि फुकटात मोठा होतो. गाडी निजवायची असते. मांडीवर घेऊन, थोपटत, ‘उद्या जाऊ हं आपण भूर’ म्हणत. एकदा पोर झोपलं की पाळणा विकला तरी त्याला कळत नाही.

आमच्या वऱ्हाडात हे काम फार नामी झालंय, म्हणून सल्ला देण्याचा अधिकार आमचाच. आमच्या छोट्या गाडीचं नाव शकुंतला. मूर्तिजापूरहून तिचा एक फाटा दर्यापूर-अंजनगाववरून अचलपूरला, पाऊणशे किलोमीटर. दुसरा कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळला, 113 किलोमीटर. रुळांमधलं अंतर अडीच फूट. ब्रॉडगेज साडेपाच फूट, म्हणजे बरोबर तीन फूट कमी, आणि तेवढ्या तीन फुटांत आमचे दोन-तीन पिढ्यांचे खासदार आरामात बसले. आधी यवतमाळकडची गाडी निजली, मग अचलपूरकडची. कुठेही रडारड नाही.

मागच्या महिन्यात आत्याला घेऊन पहाटे मूर्तिजापूरला उतरलो. वय अठ्ठ्याहत्तर, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, जायचं अंजनगावला. ते पुढे सांगतो. आधी कृती.

पहिली पायरी वेळापत्रकाची. गाडी अशा वेळी सोडा की ती कुणाच्याच कामाची राहू नये. शाळा, कचेरी, बाजार, दवाखाना यांपैकी एक जरी वेळ चुकून जमली, तर लोक बसतील आणि सगळी मेहनत वाया जाईल. मोठ्या लाइनीवरची गाडी येण्याच्या अर्धा तास आधी आपली गाडी हलली पाहिजे, हा सोन्यासारखा नियम. मग वेग उतरवा. रुळांची डागडुजी थांबवली की वेग आपोआप उतरतो, त्याला वेगळा हुकूम लागत नाही. आमच्या गाडीला अचलपूर गाठायला चारएक तास लागायचे. तेवढ्या वेळात जीपवाला दोन खेपा मारतो. मग एक कर्मचारी वहीपेन्सिल घेऊन बसवा आणि डब्यातली डोकी मोजा. डोकी कमी भरली, की कागदावर लिहा: प्रवासी नाहीत.

स्टेशनातला दिवा गेला तर बदलू नका.

माणसं कमी करा, पण एकदम नको. निवृत्त होतील तसतशी जागा रिकामी ठेवत चला. शेवटी शेवटी आमच्याकडे गार्डच खाली उतरून फाटक लावायचा, गाडी पुढे गेली की फाटक उघडून पुन्हा धावत येऊन चढायचा, मधल्या ठेसनावर तिकिटंही तोच फाडायचा. बाहेरगावच्या वाहिन्या येऊन या गोष्टीचं कौतुक करून गेल्या. ‘किती गोड!’ म्हणाल्या. एका माणसावर चौघांची कामं टाकणं खाजगी कारखान्यात झालं असतं तर पिळवणूक म्हणाले असते. इथे गोड.

‘तात्पुरती’ हा शब्द घोटून ठेवा. ‘पुढील सूचना मिळेपर्यंत’ हेही चालतं. खानदेशातली मंडळी यात आमच्याही पुढे. पाचोरा-जामनेरची पीजे, 56 किलोमीटर, 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदीला थांबली. मग मुंबईची लोकल सुरू झाली, राजधानी सुरू झाली, लग्नाच्या वराती सुरू झाल्या, कुंभमेळा झाला. पीजे टाळेबंदीतच. विषाणूने एवढी निष्ठा दुसऱ्या कुणाला दाखवलेली नाही. आता म्हणतात ब्रॉडगेज होणार, पार मलकापूरपर्यंत जाणार. होवो बापडी. पण बदली चप्पल आणल्याशिवाय पायातली काढून घ्यायची, ही रीत कोणत्या घरातली?

आता मुख्य मसाला. इंग्रज.

काहीही विचारलं की इंग्रजांकडे बोट दाखवा. हे इतकं हमखास औषध आहे की मी त्याला पेटंट घ्या म्हणेन. दर 15 ऑगस्टला आणि 26 जानेवारीला तुमच्या मोबाइलवर येतंच: ‘तुम्हाला माहीत आहे का, भारतातली ही रेल्वे अजूनही गोऱ्यांच्या ताब्यात आहे! दरवर्षी लंडनला रॉयल्टी जाते!’ किती कोटी, तो आकडा प्रत्येक फॉरवर्डमध्ये वेगळा. आमच्या कुटुंबाच्या गटात मागल्या वेळी दोन तासांत तीन आकडे आले आणि तिन्हींखाली तिरंगा होता. ज्या चुलतभावाने पाठवला त्याने आयुष्यात एकदाही या गाडीचं तिकीट काढलेलं नाही. एकदा छपरावर बसला होता, तेही लहानपणी, बोरं पाडायला.

अहो, लाइन सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची, त्या कंपनीची कारभारी किलिक निक्सन. ही पेढी 1857 साली थाटली ती मुंबईत, आणि स्वातंत्र्यानंतर गेली देशी मालकांच्या हातात. गाडी चालवायची आधी जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, आणि नंतर मध्य रेल्वे. म्हणजे रूळ एकाचे, गाडी दुसऱ्याची. 1951 च्या सुमाराला देशभरातल्या रेल्वेंचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा ही लाइन राहून गेली. राहून गेली, ठीक. घरात लग्न असलं की एखादा पाहुणा आमंत्रणाच्या यादीतून राहतो. पण म्हणून सत्तर वर्षं त्याला दारात उभं ठेवतात का? बार्शी लाइट तिकडे सोलापुरात आठवते? तीही कंपनीचीच. तीही अडीच फुटीच. कॅलथ्रॉप नावाच्या साहेबाने 1897 साली सुरू केलेली. सरकारने 1954 साली ती विकत घेतली, पुढे लातूरपासून मिरजेपर्यंत ब्रॉडगेज केली. आणि 2016 च्या एप्रिलात लातूर तहानेने व्याकूळ झालं तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी निघाली, ती पंढरपूर-कुर्डुवाडी करत त्याच जुन्या बार्शी लाइटच्या वाटेने पोचली. 342 किलोमीटर. लेखी विचारलं असतं तर त्याही लाइनला ‘तोट्यात’ असंच उत्तर आलं असतं! कंपनी आहे म्हणून काही करता येत नाही, हे सांगणाऱ्याला एकदा लातूरला नेऊन नळाखाली उभं करा.

आणि इंग्रजांचं म्हणाल, तर त्याने ही गाडी आपल्यावर माया म्हणून टाकलीच नव्हती. त्याला वऱ्हाडचा कापूस हवा होता. कापूस मूर्तिजापूरला, तिथून मोठ्या गाडीने मुंबईला, तिथून बोटीने मँचेस्टरला. त्याच मँचेस्टरात 1921 साली घडवलेलं वाफेचं इंजिन त्याने आपल्या गळ्यात मारलं, आणि ते इमानदारीत 1994 पर्यंत चाललं. लुटारूने लुटीसाठी आणलेलं इंजिन सत्तरच्या वर वर्षं टिकलं. आपण सेवेसाठी आणलेल्या डिझेल इंजिनांनी पंचवीस वर्षांत मान टाकली. तेव्हा इंग्रजांना शिव्या जरूर द्या, पण जरा दमाने. कापूस तरी वेळेवर पोचत होता.

असो. घसरलो. उपरोध हा प्रकार मला फार वेळ जमत नाही.

पुढची पायरी: घोषणा. झोपलेल्या गाडीला दर पाच वर्षांनी हलकेच हलवायचं, म्हणजे ती मेलेली नाही हे लोकांना दिसतं. सर्वेक्षण, फेरसर्वेक्षण, अंतिम स्थान सर्वेक्षण, ड्रोनने सर्वेक्षण. रेल्वेच्या अर्थसंकल्पातल्या तरतुदींचं जे पिंक बुक असतं, त्यात एखाद्या मार्गापुढे हजार रुपयांची टोकन तरतूद असते, ती बघून सत्कार घ्यायचा, हार घालून घ्यायचा. हाराचेच दीड हजार होतात. कण्वाच्या शकुंतलेला राजाने निदान अंगठी तरी दिली होती, ती माशाने गिळली हा भाग वेगळा. आमचीला हजाराची पावती.

यवतमाळवाल्यांना तर दुसरं खेळणं दिलंय. वर्धा-यवतमाळ-नांदेड, 284 किलोमीटर, 2009 ला भूमिपूजन. 2024 च्या फेब्रुवारीत गाडी आली ती कळंबपर्यंत. कळंबला चिंतामणीचं देऊळ आहे, तेव्हा अगदीच अस्थानी थांबली असं म्हणता येणार नाही.

पुलगाव-आर्वीची छोटी गाडी, 35 किलोमीटर: वरीलप्रमाणे.

जागेवर टपऱ्या बसू द्या. उद्या उठवायला गेलं की गरिबांचा प्रश्न होतो.

सगळ्यात गोड गोळी शेवटी, हेरिटेज. गाडी चालू असताना जी खटारा, ती बंद पडली की वारसा. झुडपं उगवलेल्या फलाटावर जोडपी लग्नाआधीचे फोटो काढतात. नवरा सूटबूट घालून रुळावर चालतो, मागे घाघरा धरायला दोन पोरं. खाली ओळ: ‘ती होती शकुंतला.’ चारशे हृदयं आणि तीन रडके चेहरे. माथेरानची गाडी 2019 च्या पावसाने तुटली, 2022 ला पुन्हा नेरळहून वर चढायला लागली, चांगलंच झालं, मी स्वतः पोरांना घेऊन गेलो होतो. पण तिथे डोंगर आहे, धुकं आहे, चिक्की आहे. आमच्याकडे काळी माती, तूर आणि बेचाळीस अंश. सेल्फीला उजेड जास्त होतो.

आता आत्याचं सांगतो.

पहाटे मूर्तिजापूरला उतरलो. आत्या फलाटावर उभी राहून पलीकडे बघत होती, जिथून छोटी गाडी सुटायची. म्हणाली, “कारे बाबू, आपली शकुंतला कावून नाई लागली अजून?” तिला माहीत होतं हो, गाडी बंद झाल्याचं. चार वेळा सांगितलं होतं. पण लग्न होऊन ती त्याच डब्यातून अंजनगावला गेली होती, पायाला फलाट लागला की तोंडातून तेच निघालं. स्टँडवर आलो. साडेसहाची एसटी आली नाही. चौकशीच्या खिडकीत कुणी नव्हतं. साडेसातची आली, ती मधूनच परत जाणारी. शेवटी काळीपिवळी. तिचा ड्रायव्हर म्हणाला, “बसा ना भाऊ, दोन शिटा भरल्या का काहाडतोच.” दोन भरल्या. मग आणखी दोन. मग एक बकरी. नऊजणांच्या जीपमध्ये आम्ही चौदा, आत्याचा ऑपरेशनचा पाय कुणाच्या तरी तुरीच्या पोत्यावर. गाडी हलायला सव्वानऊ.

वाटेत रेल्वेचं फाटक लागतं. लोखंडी दांडा कधीच गेलाय, रूळ तेवढे डांबरातून डोकं वर काढून आहेत. ड्रायव्हर वेग कमी करत नाही. धाडकन उसळलो सगळे. आत्या कळवळली. ड्रायव्हर मागे न बघता म्हणाला, “मावशी, ते शकुंतला होती.” एवढीच सेवा उरलीय तिच्याकडून आता. एक दणका.

मला तिथे राग आला तो ड्रायव्हरचा नाही. त्याच्यामुळे निदान पोचलो. नऊच्या जागी चौदा माणसं बसतात त्या रस्त्यावर रोज, आणि कागदावर लिहिलंय प्रवासी नाहीत! कुणी लिहिलं? कोणत्या वेळच्या गाडीत बसून मोजलं? आणि तुम्ही काय करत होता? हो, तुम्हीच, आणि मीही. आपल्या दारात मोटारसायकल आली तशी आपण गाडीकडे पाठ फिरवली. म्हातारी माणसं, कॉलेजच्या पोरी, भाजीचे टोपले घेऊन जाणाऱ्या बाया यांच्यासाठी ती चालली पाहिजे, हे आपल्या एकाही सभेत कुणी म्हटलं नाही. आंदोलन झालं तेव्हा आपण फोटोपुरते गेलो आणि चहा घेऊन परतलो. दिल्लीला निवेदन धाडलं, त्यात तारीख चुकीची होती. गुजरातेत बिलिमोरा-वघईची अशीच अडीच फुटी गाडी 2020 च्या शेवटी कायमची बंद करायच्या यादीत गेली होती. तिथले लोक ओरडले, सारखे ओरडत राहिले, आणि 2021 च्या सप्टेंबरात ती पुन्हा धावली. गायकवाडांच्या काळातली गाडी, डांगात जाणारी, आदिवासींची. त्यांच्याकडे कुठले मोठे पुढारी होते? ते फक्त ‘गोऱ्यांची गुलामी’ पुढे ढकलत बसले नाहीत.

तो फॉरवर्ड पुन्हा आला तर डिलीट करा. आणि पुढच्या वेळी कुणी हार घालून घ्यायला आला, तर मूर्तिजापूरच्या स्टँडवर सकाळी सहाला या म्हणावं, जीपने अंजनगावपर्यंत जाऊ, मागच्या सीटवर, फाटक येईपर्यंत.

येत्या रविवारी आत्याला परत सोडायचंय. जीप सहाला निघते. भरली तर.