एआयच्या जमान्यात फ्रीलान्स रायटर व्हायचंय? मग हे वाचाच

फ्रीलान्स कंटेंट रायटर व्हायचं ठरवलंय म्हणे. वा, टायमिंग भारी साधलंत. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं तेव्हा या लाइनमधले बरेच जण म्हणायचे, इंग्रजीवाल्यांचं काही खरं नाही बुवा, आपलं मात्र बरंय, मराठी काय त्या मशीनला झेपायची नाही. मग मराठीपण झेपायला लागली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आमच्या ग्रुपवर सगळ्यांनी एकमेकांना गुच्छाचे स्टिकर पाठवले, आणि शब्दाला पंचवीस पैसे मिळायचे ते आता पंधरा मिळतात. तर अशा या अभिजात धंद्यात तुमचं मनापासून स्वागत.

सगळ्यात आधी एक समजून घ्या, लिहायचं काम आता नसतं. काम असतं 'नजर टाकायचं'. क्लायंटचा मेसेज येतो, मॅडम, आर्टिकल रेडी आहे, एआयने लिहिलंय, तुम्ही फक्त एक नजर टाका. नजर टाकायचे पैसे लिहिण्याच्या एक तृतीयांश, कारण डोळे तुमच्याकडे आधीपासून आहेतच, त्यात तुमची काय इन्व्हेस्टमेंट.

नमुना सांगते. कोल्हापुरी पांढऱ्या रश्श्याची रेसिपी. मशीनने लिहिलं होतं, 'अर्धा चमचा हळद आणि दोन चमचे लाल तिखट घालून छान रंग येईपर्यंत परता'. पांढऱ्या रश्श्याला. रंग येईपर्यंत. आणि शेवटी 'गरमागरम पुरणपोळीसोबत सर्व्ह करा'. आता तुम्ही अडाणी असाल, म्हणजे कामाशी प्रामाणिक असाल, तर हळद काढाल, तिखट काढाल, मटणाचं अळणी पाणी, नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू, खडा मसाला असं सगळं नीट लिहाल, पुरणपोळीला तिच्या घरी पाठवाल, आणि त्यात अख्खी दुपार घालवाल. संध्याकाळी क्लायंटचा स्क्रीनशॉट येईल, मॅडम, एसइओ टूलमध्ये (म्हणजे लेख गुगलवर किती वर दिसेल याचा अंदाज बांधणाऱ्या मशीनमध्ये) आपला स्कोअर ९१ होता तो ६४ वर आला, हळद आणि लाल तिखट हे कीवर्ड गेलेत. इथे वाद घालायचा नाही. हळद परत घाला, इन्व्हॉइस पाठवा, आणि पुढची काही वर्षं कोल्हापुरात गेलात तर काय काम करता ते कुणाला सांगू नका.

आता समजा सुदैवाने तुम्हाला खरंच लिहायचं काम मिळालं, अगदी कोऱ्या पानापासून. मग तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करावं लागेल. त्यासाठी क्लायंटकडे डिटेक्टर असतो, फुकटातला, त्यात तुमचा लेख टाकला की तो सांगतो ८७ टक्के एआय. तुम्ही म्हणाल, अहो मी स्वतः रात्री जागून लिहिलाय. असं म्हणू नका, जागणं टूलमध्ये दिसत नाही. आणि आकडे तर अजिबात काढू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचा डिटेक्टर जानेवारी २०२३ मध्ये काढला होता, एआयने लिहिलेल्या मजकुरापैकी फक्त २६ टक्के मजकूर त्याला ओळखता येत होता, आणि अचूकता कमी म्हणून जुलैमध्ये त्यांनीच तो गुपचूप बंद केला. स्टॅनफर्डच्या लोकांनी त्याच वर्षी दाखवून दिलं की इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशांनी परीक्षेत लिहिलेले निम्म्याहून जास्त निबंध हे डिटेक्टर एआयचे ठरवतात. हे सगळं तुम्ही क्लायंटला सांगितलंत की तो शांतपणे ऐकून घेईल आणि म्हणेल, ते ठीक आहे, पण आपला ८७ येतोय ना.

उपाय सोपा आहे. वाईट लिहा. लांब डॅश दिसला की उडवा, वाक्यं मधेच तोडा, एखादी वेलांटी चुकवा, 'आणी' तर हमखास चालतं. शाळेत बाईंनी ज्या ज्या गोष्टीसाठी पट्टी मारली ते सगळं आता ह्युमन टच या नावाखाली मोडतं. आणि 'आजच्या धावपळीच्या जगात' किंवा 'चला तर मग जाणून घेऊया' असलं काही लिहू नका, ती एआयची खूण मानतात. ही वाक्यं मशीनकडे कुठून आली असं विचारू नका, कारण ती आपण लिहिलेली आहेत, वर्षानुवर्षं, किलोच्या भावाने, केस गळती ते गृहकर्ज प्रत्येक विषयावर. मुलगा बापावर गेला तर बापानेच डीएनए टेस्ट द्यायची असा एकूण कारभार आहे.

वाचतं कोण हा प्रश्न पडला असेल तर तो पण काढून टाका डोक्यातून. लेख मशीनने लिहिला, मशीनने स्कोअर दिला, दुसऱ्या मशीनने तो माणसाचा आहे का तपासलं, मग गुगलच्या वरच्या बाजूला तिसऱ्या मशीनने त्याचा चार ओळीत सारांश करून टाकला, त्यामुळे वाचणारा काही तुमच्या पानापर्यंत येत नाही. सगळं कसं सुसाट, सेकंदात. या अख्ख्या साखळीत अजून हाताने होणारं एकच काम उरलंय, ते म्हणजे तुमचं पेमेंट. ते करणारे अकाउंटवाले सर गावाला गेलेत. मग गणपती आले. मग सर आले पण साइन करणारे सर गेले. मग मार्च एंड. एआय एवढं पुढे गेलं पण साडेतीन हजार रुपये एका खात्यातून दुसऱ्या खात्यात टाकायला त्याला अजून जमलेलं दिसत नाही.

हां, कायदा आहे. २००६ चा एमएसएमई कायदा, म्हणजे छोट्या उद्योगांसाठीचा. तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारकडे नोंदणी, असेल तर करार काहीही म्हणो, ४५ दिवसांच्या वर पैसे थकवता येत नाहीत, थकवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. रजिस्ट्रेशन फुकट आहे, घरबसल्या होतं, ते खरंच करा, हे मी चेष्टेत नाही सांगत. फक्त तो कायदा मेलमध्ये लिहून पाठवलात की पैसे कधी कधी येतात आणि क्लायंट कायमचा जातो, तर कशाची जास्त गरज आहे ते आधी ठरवा. परदेशी साइटवर जायचं म्हणाल तर तिथे पेमेंट वेळेत होतं, फायव्हर शंभरातले वीस स्वतःकडे ठेवतं, अपवर्कवर तर कामासाठी अर्ज करायला आधी पैसे देऊन कनेक्ट्स नावाची टोकन विकत घ्यायची. अर्ज बहुतेक जण एआयकडून लिहून घेतात.

त्यापेक्षा नवीन लाइन धरा ना. मशीनने दिलेल्या दोन मराठी उत्तरांपैकी चांगलं कुठलं ते सांगायचं, का चांगलं तेही लिहायचं, प्रत्येक टास्कमागे पैसे. काम बरं आहे, पैसेही लेखापेक्षा बरे. म्हणजे जो तुमची जागा घेणार त्याचा अभ्यास तुम्हीच घ्यायचा. घरच्यांना सांगताना एआय ट्रेनर म्हणा, स्थळांवर चांगला परिणाम होतो.

आणि एखाद दिवस जुन्या क्लायंटचा फोन येईल, फार गोड आवाजात. मॅडम, तुमची स्टाइल आम्हाला खूप आवडते, आमच्या बॉटला तुमचा टोन शिकवायचाय, तर तुमचे आत्तापर्यंतचे सगळे लेख एका फोल्डरमध्ये टाकून पाठवाल का. पैसे विचारू नका, ते तुम्हाला क्रेडिट देणारेत. बिनधास्त पाठवा. फक्त त्या फोल्डरमध्ये लेखांसोबत तुमचे सगळे रिमाइंडर मेलपण टाका, 'नमस्कार सर, जूनच्या इन्व्हॉइसचं काही कळलं का' पासून ते 'सर, निदान टीडीएस कापलाय तो भरलाय का तेवढं सांगा' पर्यंत. टोन शिकवायचाच आहे तर पूर्ण शिकू दे की त्याला, आणि मग विचारू दे त्यांच्या कस्टमरना, दर सोमवारी सकाळी दहा वाजता.