तो निळा नाहीये

आमच्या घरात गेला दीड महिना एकाच वाक्यावरून वाद चालू आहे आणि ते वाक्य म्हणजे "तो निळा नाहीये". हे मी बायकोला, आईला, दुसरीतल्या मुलीला आणि पार्सल घेऊन आलेल्या मुलाला सुद्धा सांगून झालंय, आणि बायकोच्या म्हणण्याप्रमाणे एकदा झोपेतही.

तर मला रणगाड्यांची मॉडेलं करायचा नाद आहे. प्लास्टिकची, एकास पस्तीस मापाची. लहानपणी नगरला मामाकडे गेलो की मामा टँक म्युझियमला न्यायचा (शहराचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण आमच्या तोंडात नगरच बसलंय), तिथून जे खूळ डोक्यात शिरलं ते निघालं नाही. इतकी वर्षं मी जे केलं ते सगळं एकरंगी, एकतर मिलिटरी हिरवं नाहीतर जर्मन करडं. फवारा मारायचा, थोडा चिखल लावायचा, शोकेसमध्ये ठेवायचं. कुणी काही म्हणत नव्हतं. पण ह्या पावसाळ्यात अंगात आलं आणि मी मटिल्डा करायला घेतली, ती पण कॉन्टर स्कीममध्ये.

मटिल्डा म्हणजे ब्रिटिशांचा दुसऱ्या महायुद्धातला रणगाडा. साडेसव्वीस टन वजन, सगळ्यात जाड चिलखत ७८ मिलिमीटर, आणि आत शेजारी शेजारी चक्क बसची दोन डिझेल इंजिनं, त्यामुळे रस्त्यावरचा जास्तीत जास्त वेग ताशी २४ किलोमीटर. म्हणजे आमच्या कल्याण-शीळ रोडला संध्याकाळी फास्टच म्हणायची. डिसेंबर १९४० ला इजिप्तच्या वाळवंटात निबेवाच्या इटालियन छावणीवर चौथी भारतीय डिव्हिजन चालून गेली तेव्हा ह्याच मटिल्डा पुढे होत्या आणि इटालियन गोळे त्यांच्या अंगावरून उडून जात होते. पुढे १९४१ च्या मार्चमध्ये एरिट्रियात केरनच्या डोंगरांत मराठा लाईट इन्फन्ट्री लढली तेव्हा तिथेही थोड्या मटिल्डा होत्या. एवढी माहिती मी जेवताना दिली की आई म्हणते, "बरं, आमटी वाढू का?"

आता कॉन्टर स्कीम. जे. ए. एल. कॉन्टर हे ब्रिगेडियर, वाळवंटातल्या चिलखती ब्रिगेडचे प्रमुख, त्यांच्या नावाने १९४० मध्ये ही रंगसंगती निघाली. सासऱ्यांना फोनवर सांगितलं की सध्या कॉन्टर स्कीम चालू आहे, तर ते एकदम गंभीर झाले आणि म्हणाले, "किती टक्के देतायत? पोस्टाचं सोडून असल्या ठिकाणी पैसे घालू नका जावईबापू."

नेहमीच्या कॅमोफ्लाजमध्ये कसं, वेडेवाकडे ढग असतात, हात थोडा हलला तरी खपून जातं. इथे सगळ्या सरळ रेषा. तिरक्या, पट्टीने आखल्यासारख्या, एक जाड पट्टा खाली चाकांपासून वर चढतो, दुसरा त्याला आडवा येऊन कापतो, आणि डाव्या बाजूचं चित्र वेगळं, उजव्या बाजूचं वेगळं. कल्पना अशी की लांबून बघणाऱ्याला गाडी सुरू कुठे होते आणि संपते कुठे हेच कळू नये. पहिल्या महायुद्धात, १९१७ ला, नॉर्मन विल्किन्सन नावाच्या चित्रकाराने जहाजांवर असेच पट्टे मारायला लावले होते, ते जहाज लपावं म्हणून नव्हे, तर पाणबुडीवाल्याला जहाज कुठल्या दिशेला किती वेगात चाललंय ह्याचा अंदाज चुकावा म्हणून. माझा अंदाज चुकायला पाणबुडी सुद्धा लागली नाही.

रंग तीन. लाइट स्टोन, स्लेट आणि सिल्व्हर ग्रे. लाइट स्टोन म्हणजे पिवळसर वाळूचा, त्यावर वाद नाही. स्लेट म्हणजे पाटी, पण ती आपल्या शाळेतली काळी पाटी नव्हे, गडद आणि हिरवट. खरी भानगड सिल्व्हर ग्रेची. नाव ग्रे, मूळ रंग फिका हिरवट करडा, पण अनेक वर्षं जगभरच्या मॉडेलवाल्यांनी तो चक्क आकाशी मारला, कारण एका म्युझियममधला रणगाडा तसा रंगवलेला होता आणि सगळ्यांनी त्याची कॉपी केली. नंतर जुने रंगांचे नमुने आणि हुकूम शोधून लोकांनी दाखवून दिलं की बाबांनो निळा नाही, पण तोपर्यंत निम्म्या जगाच्या शोकेसमध्ये आकाशी रणगाडे बसले होते. मी ठरवलं, आपल्या घरी ही चूक होणार नाही.

तयार बाटलीवर विश्वास नव्हता म्हणून मी स्वतः मिसळायला बसलो. पांढरा, करडा, हिरवा, इंजेक्शनच्या सिरिंजने थेंब मोजून, आणि प्रत्येक मिश्रण प्लास्टिकच्या चमच्याच्या पाठीवर मारून बघायचं. अकरा चमचे झाले. ते डायनिंग टेबलवर ग्लासात उभे करून ठेवले तर आई म्हणाली, "हे कुणाच्या बारशाचे?" सातवा चमचा मला पसंत पडला. बायकोला दाखवला. ती लांबूनच म्हणाली, "छान आहे निळा."

मी म्हटलं निळा नाहीये. ती म्हणाली चिंतामणी म्हणत नाही मी, पण निळ्यातलाच आहे. आईने चष्मा लावला आणि म्हणाली पिस्ता. मुलगी म्हणाली बाबा हा ढगाचा आहे. मग बायको म्हणाली थांब, आणि सातवा चमचा पर्समध्ये टाकून मॅचिंग सेंटरला घेऊन गेली, मी मागोमाग. आता मॅचिंगवाल्यासमोर अकला पाजळायची हिंमत कुणाची नसते. त्याने हा चमचा कशाचा वगैरे एक शब्द विचारला नाही. ट्यूबलाइटखाली बघितला, मान हलवली, उठला, दुकानाबाहेर रस्त्यावर जाऊन उजेडात धरला, आत येऊन मागे न बघता तिसऱ्या फळीवरून एक ताका ओढला आणि चमचा त्यावर ठेवला. चमचा दिसेनासा झाला. खरंच सांगतो, फक्त दांडी दिसत होती. ब्रिगेडियर कॉन्टरना सुद्धा एवढं जमलं नसतं.

"ग्रे आहे ना हा?" मी.

"ग्रेच. पिस्त्याकडे झुकतो." मला गहिवरून आलं. मग तो गल्ल्याकडे वळता वळता म्हणाला, "पण शेजारी पिवळट कापड आलं ना साहेब, की निळा मारणार."

आणि लाइट स्टोन म्हणजे पिवळटच. बायको काही बोलली नाही, तिने फक्त त्याच ताग्यातलं टू बाय टू ऐंशी सेंटिमीटर फाडून घेतलं.

रंग ठरला, आता मास्किंग, म्हणजे जिथे रंग नको तिथे टेप लावून झाकायचं. खरी मटिल्डा साडेपाच मीटरच्या वर, माझी सोळा सेंटिमीटर, आणि तिच्या दोन्ही बाजूंना चाकं झाकणारे चिलखती पत्रे, त्यात चिखल बाहेर पडायला तिरक्या खिडक्या, वर बिजागऱ्या, बोल्ट. त्या सगळ्यावरून एक सरळ रेष न्यायची. सहा मिलिमीटरचा टेप लावायचा, टूथपिकने प्रत्येक खाचेत दाबायचा, आणि मग युक्ती अशी की पट्ट्याचा गडद रंग मारायच्या आधी टेपच्या कडेवर खालचाच फिका रंग परत एकदा फवारायचा, म्हणजे टेपखाली काही झिरपलं तर खालचाच रंग झिरपतो आणि तिथेच बंद होतो. ही युक्ती मला पहिल्या बाजूचं वाटोळं झाल्यावर कळली.

एअरब्रशचं सगळं सामान ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या झाकणावर. कॉम्प्रेसरचा आवाज असा की खालच्या काकूंनी पहिल्या दिवशी विचारलं, घरघंटी घेतली का, आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, बाजरी दळून मिळेल का. त्यात जुलै महिना. आमच्याकडे डोंबिवलीत जुलैत टॉवेल तीन दिवस वाळत नाहीत तिथे रंग काय वाळणार. हाताला कोरडा लागायचा पण आतून ओलाच. मी घाई केली. स्लेट मारला, अर्धा तास थांबलो, आणि टेप अगदी पुस्तकात सांगतात तसा आडवा, हळू, मागे दुमडून ओढायला लागलो. रेष काय सुंदर आली होती! सुरी फिरवल्यासारखी. डोळ्यांत पाणी यायची वेळ, आणि मागच्या कोपऱ्यात टेपबरोबर काहीतरी सुटल्याचं बोटांना जाणवलं. नखाएवढा लाइट स्टोन, खालच्या प्रायमरसकट, टेपला चिकटून वर आलेला, सायीच्या पापुद्र्यासारखा, आणि रणगाड्यावर त्याच आकाराचं उघडं प्लास्टिक. जोडणी करताना मी शेंगदाण्याचा लाडू खात होतो हे तेव्हा आठवलं. किट साबणाने धुऊन घ्यायचं असतं, ते आपण सगळ्यांना सांगतो.

तो कोपरा घासला, प्रायमर, पिवळा, परत टेप. ह्यात दोन रविवार गेले. मग एका शनिवारी रात्री सगळे झोपल्यावर मी वरचा बुरुज घ्यायचं ठरवलं. माझ्याकडच्या चित्रात खालचा पट्टा हल म्हणजे रणगाड्याच्या खालच्या धडावरून चढून तोफेच्या फिरत्या बुरुजावर तसाच पुढे जातो, तोफ सरळ समोर धरून. म्हणून मी बुरुज जागेवर बसवला, खालून वर सलग टेप मारला, रात्री दीडपर्यंत फवारलं आणि न बघताच झोपलो.

सकाळी टेप काढले. एकही पापुद्रा नाही, एकही थेंब झिरपलेला नाही. पट्टे खालून वर असे चढलेत की हल कुठे संपला आणि बुरुज कुठे सुरू झाला ते कळत नाही. मी सगळ्यांना उठवलं. मुलगी डोळे चोळत आली आणि म्हणाली, "बाबा, अजून फ्रिजकडेच बघतेय ती."

मी बघितलं. तोफ डावीकडे वळलेली. फार नाही, वीस अंश असेल.

चौकशी केली तेव्हा कळलं की शनिवारी दुपारी शत्रू फ्रिजच्या मागे होता. बुरुज फिरवला गेला आणि युद्ध संपल्यावर कुणी सरळ केला नाही, आणि रात्री टेपच्या जंगलात मला तो कळला नाही. आता तोफ सरळ केली की वरचे पट्टे आणि खालचे पट्टे यांची फाळणी होते. फ्रिजकडे ठेवली तरच सगळं जुळतं. परत रंगवायचं? मी त्या सहा मिलिमीटरच्या टेपकडे बघितलं आणि नाही म्हटलं. रणगाडा काय, कुठेही बघू शकतो.

मग नाव. सातव्या रॉयल टँक रेजिमेंटच्या गाड्यांची नावं इंग्रजी जी अक्षरावरून असायची, त्यातलं एक डिकल, म्हणजे चिकटवायचं छापील नाव, लावत होतो तर आईने विचारलं, "नावरस 'ग' आलंय का?" हो म्हटलं. मुलीने लगेच गौरी सुचवलं, पण डिकल छापून आलेलं असतं हे तिला पटवायला गणपतीपर्यंत वेळ लागेल.

सगळं झाल्यावर बायकोला सहज सांगितलं की ही स्कीम फार टिकली नाही, १९४१ संपता संपता ब्रिटिशांनी तीन रंगांचा नाद सोडला आणि साधा एकच रंग मारायला लागले. तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. ऐंशी सेंटिमीटरचा ब्लाउज शिवून आलेला आहे, पिवळट साडीवर घालते. मी त्याच्या रंगाबद्दल काही बोलत नाही.

रणगाडा शोकेसमध्ये आहे. रोज सकाळी आई तिथली धूळ झटकते आणि जाता जाता तोफ सरळ करते, कारण आल्यागेल्यासमोर मटिल्डाबाईंनी असं तोंड वळवून बसलेलं बरं दिसत नाही. मी ऑफिसला निघायच्या आधी ती परत फ्रिजकडे वळवतो.