धन्यवाद, टँकर आला!

परवा पहाटे पावणेपाचला सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला : ‘सुप्रभात! आज तुम्ही कोणत्या तीन गोष्टींबद्दल कृतज्ञ आहात?’ खाली कमळ, कमळावर दवबिंदू. मी तेव्हा लुंगीवर पार्किंगमध्ये उभा होतो, टँकरवाल्याला टाकीचं झाकण दाखवत. मी एवढंच विचारलं, ‘या महिन्याचं टँकरचं बिल बिल्डर भरणार की आपण?’ अर्ध्या मिनिटात सेक्रेटरींचं उत्तर : ‘सकाळी सकाळी निगेटिव्हिटी नको.’ त्यावर एकोणीस अंगठे.

तेव्हापासून मी सुधारलोय. तुम्हीही सुधारा.

सर्वप्रथम डायरी घ्या. घरातली जुनी वही चालत नाही. सोनेरी कडांची, ४९९ रुपयांची हवी. ती सेक्रेटरींच्या मेव्हण्यांकडे मिळते. मग रोज लिहा. २००३ साली मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एमन्स यांनी सहकाऱ्यासोबत कृतज्ञतेच्या नोंदींचे प्रयोग छापले, तेव्हा पहिल्या प्रयोगातल्या विद्यार्थ्यांना आठवड्यातून एकदाच लिहायला सांगितलं होतं. पण ते अमेरिकन, त्यांना कसं जमणार? आपण रोज लिहायचं, आणि ग्रुपवर फोटोही टाकायचा.

सकाळच्या चहाबद्दल कृतज्ञ राहा. गॅस आहे, दूध आहे, साखर आहे, चहापूड आहे. राहिलेली एक वस्तू आली की चहा होईलच.

लिफ्ट बंद असेल तर गुडघ्यांचे आभार माना.

निसर्गाचा आनंद घ्या. आमच्या गच्चीवरून सिंहगड दिसतो. त्या बाजूला खडकवासला, मागे पानशेत, वरसगाव, टेमघर. चारही धरणं भरली की २९.१५ टीएमसी, म्हणजे तितके अब्ज घनफूट पाणी. नदीत विसर्ग सुरू झाला की आम्ही सहकुटुंब पुण्यातला भिडे पूल बुडालेला बघायला जातो. एवढं पाणी एकत्र बघून मुलांना फार बरं वाटतं.

आता मुख्य साधना : पाणी. मन शांत ठेवून हिशेब करा. ११२ फ्लॅट, घरटी चार माणसं धरली तर ४४८. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी लागतं, हे सरकारी मानक. म्हणजे साठ हजार लिटर, दहा हजारांचे सहा टँकर. आम्हाला येतात दोन. माणशी पंचेचाळीस लिटरही नाही. आमचा फ्लश एका वेळी दहा लिटर गिळतो. तो चारदा ओढला की अंघोळ, भांडी, कपडे आणि कृतज्ञता यांसाठी पाच लिटरसुद्धा उरत नाहीत! बरं, हे दोन टँकर तरी कुणाच्या पैशाने? ब्रोशरमध्ये ‘चोवीस तास पाणी’ होतं, कारंजं होतं, कारंज्याशेजारी हसणारी बाई होती. पाइपलाइन येईपर्यंत पाणी स्वखर्चाने पुरवू, असं बिल्डरने हमीपत्रात लिहून दिलंय, सहीशिक्क्यासकट. वर्षभर पुरवलंही. मग सोसायटी आमच्या गळ्यात मारली आणि साहेब गायब. आता त्याच्या ऑफिसात फोन केला की आधी बासरी वाजते, मग ‘सर साइटवर आहेत’. कुठल्या साइटवर? तिथेही कारंजं दाखवत असतील!

आणि आपण काय करतोय? तर ‘आज बादली अर्धी तरी भरली, थँक यू युनिव्हर्स.’ तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी खरंच लिहिलंय हे. युनिव्हर्सचा काय संबंध? टँकरचे पैसे काकूंच्या मेंटेनन्समधून गेलेत!

माझे आजोबा पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे लोणी-हळदीने मळायचे. ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या,’ म्हणायचे. वर्षभर त्या खांद्यांवर जू ठेवलं, त्याची जाण होती त्यांना. ज्याने राबवून घेतलं त्याने आभार मानायचे, अशी ती रीत. सकाळी उठून जुवाबद्दलच्या तीन चांगल्या गोष्टी लिहा, असं आजोबांनी बैलाला कधी सांगितलं नाही. आमच्याकडे उलटं. खांदे आमचे सोलवटलेले, डायरीही आम्हीच लिहायची, आणि त्याचेही ४९९ रुपये आम्हीच द्यायचे!

काकूंना नातवाच्या हसण्यात आनंद मिळतो तो खरा, मलाही मिळतो. त्याला कोण नावं ठेवतंय? पण सेक्रेटरीसाहेब, तुम्ही बिल्डरला आजवर एक साधं पत्र पाठवलेलं नाही. विचारलं की कमळ पाठवता. आणि ते एकोणीस अंगठेवाले! खाली येऊन माझ्याशी टँकरबद्दल तासभर कुरकुरता, ग्रुपवर मात्र अंगठा. लाजा नाही वाटत? कर्ज काढून घर घेतलंत ना? वीस वर्षं हप्ते भरणार ना? मग लेखी कबूल केलेलं पाणी मागताना जीभ का जड होते?

हमीपत्राची झेरॉक्स माझ्याकडे आहे. नोटिशीचा मसुदा पुतण्याने करून दिलाय, त्यावर निदान साठ सह्या हव्यात. रविवारी सकाळी अकरा, पार्किंग, टाकीजवळ. डायरी घरी ठेवा. पेन आणा.