कर शून्य असला तरी घरविक्री विवरणपत्रात का दाखवावी : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

वडिलांच्या पश्चात त्यांचे घर विकणाऱ्या प्रत्येक वारसाने ती विक्री आपल्या आयकर विवरणपत्रात दाखवली पाहिजे, असे मी लिहिले होते. त्यावर आपला आक्षेप असा की, वारसाहक्काच्या घरावर कर नसतो. शिवाय आपण तिघा भावंडांनी वडिलांचा ठाण्यातला फ्लॅट डिसेंबर 2024 मध्ये 90 लाखांना विकून आपापला हिस्सा नव्या घरांत गुंतवला वा त्यासाठी ठेवला आहे, तेव्हा कर शून्य असताना विवरणपत्राचा आग्रह धरणे म्हणजे लोकांना विनाकारण घाबरवणे होय. हा समज अनेक घरांत आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

वारसाने घर मिळणे आणि ते विकणे या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या घटना आहेत. मिळाले तेव्हा कर लागला नाही, हे आपले म्हणणे बरोबर आहे. विकल्यावर मात्र भांडवली नफा (विक्री किंमत वजा खरेदी किंमत) होतो, आणि तो मोजताना वडिलांची खरेदी किंमत व त्यांच्या मालकीचा काळ वारसांकडे येतो. हा फ्लॅट 1994 मध्ये घेतलेला असल्याने खरेदी किमतीऐवजी 1 एप्रिल 2001 रोजीचे बाजारमूल्य धरता येते, मात्र ते त्या दिवशीच्या मुद्रांक शुल्काच्या मूल्यांकनापेक्षा अधिक धरता येत नाही. आपण हे मूल्य 6 लाख सांगता. त्यानुसार नफा 84 लाख आणि 12.5 टक्क्यांनी कर 10.50 लाख होतो. खरेदी किंमत महागाईनुसार वाढवणारा निर्देशांक लावला तर (2001-02 चा आकडा 100 धरून) 2024-25 साठीच्या 363 या आकड्याने 6 लाखांचे 21.78 लाख होतात, नफा 68.22 लाखांवर येतो, पण त्यावर 20 टक्क्यांनी कर 13.64 लाख होतो. 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या घराच्या बाबतीत निवासी व्यक्तीला यांतील कमी रक्कम भरण्याची मुभा आहे, म्हणजे येथे पहिली पद्धतच लाभाची ठरते. याचा अर्थ प्रत्येक भावंडाच्या वाट्याला 28 लाखांचा नफा येतो, आणि नफा नव्या घरात गुंतवल्याबद्दलची सवलत मिळाली नाही तर प्रत्येकी साडेतीन लाखांपर्यंत कर व वर उपकर द्यावा लागतो.

ही सवलत आपोआप लागू होत नाही. ती मागावी लागते, आणि मागण्याची जागा म्हणजे विवरणपत्र. एक काळ असा होता की, नव्या घराची सवलत वजा करून उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आत आले तर विवरणपत्राची सक्ती नव्हती. विवरणपत्र नको असे आपल्या परिचित सल्लागारांनी सांगितले असेल, तर ते मत बहुधा त्या काळातले आहे. 2019 च्या वित्त कायद्याने ते बदलले : आता मर्यादा तपासताना ही सवलत देण्यापूर्वीचे उत्पन्न धरले जाते. त्यामुळे आपल्या ज्या धाकट्या बहिणीला दुसरे कोणतेही उत्पन्न नाही, तिलाही 28 लाखांच्या नफ्यामुळे विवरणपत्र भरणे बंधनकारक आहे.

विक्री न दाखवल्याने ती लपतही नाही. 30 लाख किंवा त्याहून अधिक किमतीच्या व्यवहाराची माहिती निबंधक कार्यालयाकडून आयकर विभागाकडे जाते. शिवाय प्रत्येकाचा हिस्सा 30 लाखांचाच असला, तरी 1 ऑक्टोबर 2024 पासून टीडीएसची (खरेदीदाराने विक्रेत्याच्या रकमेतून आधीच कापून सरकारकडे भरायचा कर) 50 लाखांची मर्यादा सर्व विक्रेत्यांची रक्कम एकत्र धरून पाहतात, म्हणून खरेदीदाराने तिघांच्याही पॅनवर एक टक्का टीडीएस कापायला हवा होता. तो कापला असेल, तर प्रत्येकी 30 हजार रुपये आपल्या नावे जमा आहेत आणि तेही विवरणपत्राशिवाय परत मिळणार नाहीत.

ज्या भावाने अद्याप नवे घर घेतलेले नाही, फक्त पैसे मुदत ठेवीत ठेवले आहेत, त्याच्याविषयी मला खरी काळजी वाटते. घर घेण्यास विक्रीपासून दोन वर्षे मिळतात हे खरे, पण विवरणपत्राच्या मूळ मुदतीपर्यंत न वापरलेली रक्कम बँकेतील भांडवली नफा खाते योजनेतच ठेवावी लागते. साधी मुदत ठेव त्या जागी चालत नाही. त्याने आपल्या ठेवीची पावती आणि विकलेल्या फ्लॅटचे खरेदीखत घेऊन आधी सनदी लेखापालांना भेटावे.